आरोप, अन्वेषण आणि संघ

एखाद्या धर्मगुरूवर गंभीर आरोप झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले की त्याच्या अनुयायांकडून बहुधा दोन उत्तरे मिळतात. आमच्या गुरूंच्या हातून असे घडणेच शक्य नाही, हे एक. आणि हे विरोधकांचे कारस्थान आहे, हे दुसरे. आरोप खरा की खोटा याचा शोध या दोन्ही उत्तरांत कोठेच नसतो. बौद्ध उपासक-उपासिकांनी अशा वेळी कोणती भूमिका घ्यावी, या प्रश्नाचा विचार मुंबईतील एक जुना खटला आणि विनयपिटकातील काही प्रसंग यांच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील भाटिया, लोहाणा व वाणी या धनाढ्य व्यापारी जातींवर वल्लभ संप्रदायाच्या महाराजांचा मोठा पगडा होता. हे महाराज वल्लभाचार्यांचे वंशज. भक्त त्यांना साक्षात कृष्णस्वरूप मानीत आणि तन, मन व धन त्यांना अर्पण करणे हे आपले कर्तव्य समजत. याच संप्रदायात वाढलेले करसनदास मुळजी हे 'सत्यप्रकाश' नावाचे गुजराती साप्ताहिक चालवीत. २१ सप्टेंबर १८६० च्या अंकात त्यांनी महाराजांच्या पाखंडावर लेख लिहिला आणि भक्तिणींशी होणाऱ्या दुराचाराचा उघड उल्लेख केला. जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांनी १८६१ साली करसनदास व मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला.

महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, दिल्यास त्याला जातीबाहेर टाकावे, असे भाटिया पुढाऱ्यांनी ठरविले. बहिष्काराचे शस्त्र केवळ अस्पृश्यांवरच चालविले जात होते असे नव्हे. जातीतील सत्य बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठीही ते उपसले जात होते. या कटाबद्दल त्या पुढाऱ्यांवर वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. मूळ दाव्याची सुनावणी जानेवारी १८६२ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ अर्नोल्ड यांच्यापुढे सुरू झाली. महाराजांच्या रोगाविषयी ज्या वैद्यांनी साक्ष दिली त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड हे एक होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे वाचन करणारे जे आरंभीचे भारतीय विद्वान, तेच हे भाऊ दाजी. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. लेखातील आरोप सत्य आहे हा करसनदासांचा बचाव न्यायालयाने ग्राह्य धरला आणि त्यांना साडेअकरा हजार रुपये खर्च मंजूर केला. या प्रकरणाची धग अद्याप पुरती विझलेली नाही. २०२४ साली त्यावरील हिंदी चित्रपटाला गुजरात उच्च न्यायालयाने प्रथम तात्पुरती स्थगिती दिली व नंतर ती उठविली.

या खटल्यातून निघणारा खरा प्रश्न एका महाराजाच्या चारित्र्यापुरता नाही. गुरू हा ईश्वरस्वरूप ठरला की त्याला जाब विचारणारी जागाच धर्मात उरत नाही. करसनदासांना वर्तमानपत्राकडे आणि परकीय सत्तेच्या न्यायालयाकडे जावे लागले, ते याच कारणाने.

बौद्ध परंपरेत ही जागा आरंभापासून आहे. मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्तात तथागतांनी भिक्खूंना स्वतः तथागतांचीच परीक्षा करावयास सांगितले आहे. डोळ्यांनी जे दिसते आणि कानांनी जे ऐकू येते, त्यात मलिनता आहे काय, हे शिष्याने पाहावे. वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या दिवशी प्रत्येक भिक्खू आपले दोष दाखविण्याची संघाला विनंती करतो. संयुत्तनिकायातील एका सुत्तानुसार अशी विनंती स्वतः भगवान बुद्धांनीही भिक्खुसंघाला केली होती. ज्या धर्माचा संस्थापक स्वतःला परीक्षेच्या बाहेर ठेवीत नाही, त्या धर्मातील कोणत्याही भन्तेला वा आचार्याला तो अधिकार उरत नाही.

आरोप खोटेही असतात, हे परंपरेला पूर्णपणे ठाऊक होते. चिंचा माणविका आणि सुंदरी यांच्या कथा सर्वांच्या परिचयाच्या आहेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांना स्थान दिले. परंतु आज एखाद्या धर्मगुरूवर आरोप झाला की त्याचे अनुयायी याच दोन कथांचा ढालीसारखा उपयोग करतात आणि विनयातील इतर प्रसंग विसरतात.

दब्ब मल्लपुत्ताचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. राजगृहात संघाच्या शयनासनांची व्यवस्था पाहणाऱ्या या अर्हतावर मेत्तिय व भुम्मजक यांच्या गटाने व्यभिचाराचा खोटा आळ रचला. भगवंतांनी संघासमोर त्याला विचारले. भगवान मला जाणतातच, असे दब्बाने उत्तर दिले. ते उत्तर भगवंतांनी स्वीकारले नाही. केले असेल तर केले म्हणावे, केले नसेल तर केले नाही म्हणावे, असे त्यांनी त्याला बजावले. दब्ब निर्दोष होता. तरीही गुरूशी असलेली जवळीक त्याला उत्तर देण्यापासून मुक्त करू शकली नाही. निराधार आरोप करणाऱ्या भिक्खूसाठीही याच प्रसंगी संघादिसेसाचा नियम झाला.

दुसरा प्रसंग विशाखेचा. उदायी भिक्खू एका तरुणीसह एकांतात बसलेला तिने पाहिला आणि तिने त्याला तेथेच टोकले. त्याने ते मनावर घेतले नाही, तेव्हा तिने ही गोष्ट भिक्खूंना कळविली. त्यातून अनियत नियम निर्माण झाले. विश्वसनीय उपासिकेने प्रत्यक्ष पाहून सांगितले आणि भिक्खूने तेथे बसल्याचे मान्य केले, तर तिच्या कथनानुसार त्याच्यावर कारवाई होऊ शकते. एका गृहस्थ स्त्रीच्या साक्षीला चीवरधारी पुरुषाविरुद्ध असे वजन विनयाने दिले, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

तिसरा प्रसंग देवदत्ताचा. त्याच्या कृत्यांची जबाबदारी बुद्ध, धम्म व संघ यांची नसून त्याची एकट्याची आहे, असे राजगृहात जाहीर करण्याचे संघाने ठरविले आणि ते काम सारिपुत्तांकडे आले. सारिपुत्त संकोचले, कारण त्याच नगरात पूर्वी त्यांनी देवदत्ताची स्तुती केली होती. ती स्तुती खरी होती ना, असे भगवंतांनी विचारले. ती जितकी खरी होती, तितकीच खरी ही घोषणाही कर, असे सांगितले. येथे ही वार्ता लोकांपर्यंत बाहेरच्यांनी नेली नाही. संघाने ती स्वतः सांगितली.

सारिपुत्तांचा हा संकोच आपल्यालाही अपरिचित नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी नागपुरात शोकाकुल जनतेला ज्यांनी धीर दिला, त्या इंग्रज भिक्खू संघरक्षितांचे ऋण आंबेडकरी बौद्ध मान्य करतात. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या चळवळीतूनच पुढे पुण्यात व महाराष्ट्रात धम्मशिक्षणाचे, वसतिगृहांचे व आरोग्यसेवेचे काम उभे राहिले. शिष्यांशी असलेल्या त्यांच्या लैंगिक संबंधांविषयीचे आरोप १९९७ साली ब्रिटिश वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. ज्यांना आपल्यामुळे दुःख पोहोचले त्यांच्याविषयी त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला तो २०१६ च्या डिसेंबरात. २०१८ साली त्यांचे निधन झाले. नागपूरचे सत्य सांगताना लंडनचे लपविण्याची आणि लंडनचे सांगताना नागपूरचे पुसून टाकण्याची गरज नाही. दोन्ही सारख्याच सत्यतेने सांगावीत, हीच सारिपुत्तांना मिळालेली शिकवण होय. वृत्त छापून येणे आणि खेद व्यक्त होणे यांमध्ये जी एकोणीस वर्षे गेली, त्यांचे ओझे मात्र दुखावलेल्यांनी वाहिले.

उपासकांच्या हातीही एक साधन आहे. कोसंबीचे भिक्खू भांडत राहिले आणि भगवंतांचेही ऐकेनात, तेव्हा तेथील उपासकांनी त्यांना वंदन व भिक्षादान थांबविले. भिक्खू श्रावस्तीला गेले आणि तंटा मिटला. या उपासकांचा धम्म सुटला नव्हता. उलट धम्मासाठीच त्यांनी आपला हात आखडता घेतला होता.

आपल्या विहारांत आज दान येते, मुले-मुली शिबिरांना येतात, स्त्रिया विश्वासाने मनातील दुःख बोलतात. त्यांपैकी एखादीने उद्या विशाखेप्रमाणे काही पाहिले, तर तिने ते कोणाला सांगावे, हे प्रत्येक विहाराने आजच ठरवून ठेवले पाहिजे. ऐकून घेणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात, आरोपितालाही बोलण्याची संधी मिळावी, गुन्हा असेल तर तो कायद्याकडे सोपवावा आणि निर्णय समाजाला कळवावा. असे झाले तर आपल्या घरातील सत्य आपल्याला वर्तमानपत्रातून वाचावे लागणार नाही.