यवतमाळची कबुली आणि चिकमगळूरचा कौल

शहापूर हे आज बेळगावचे एक उपनगर म्हणून ओळखले जात असले, तरी १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानच्या अमलाखाली होते. बेळगाव इंग्रजांचे आणि त्याला अगदी लागून असलेले शहापूर पटवर्धनांचे, अशी ही शेजारशेजारची दोन राज्ये होती. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील विणकर, सोनार व मोलमजूर यांच्या हाती प्रथमच मतपत्रिका आली. पुढे चारपाच वर्षांतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, त्यांना न विचारता त्यांचे राज्य बदलले. मत ही वस्तू येथे जपून वापरली जाते, त्याचे कारण या इतिहासात आहे.

या वस्तीतील एका प्रार्थनासभेनंतर एका वृद्ध विणकराने आमच्यापुढे वर्तमानपत्राचे एक पान ठेवले. उमेदवारांवर दाखल असलेल्या फौजदारी खटल्यांची जाहिरात त्यात होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात आणि २०१८ च्या निर्णयानंतर ते वर्तमानपत्रांतून प्रसिद्धही करावे लागतात. म्हाताऱ्याचा प्रश्न सरळ होता. "पाळकसाहेब, ह्याच्यावर सात आहेत, त्याच्यावर एकच आहे. मग एकवाला बरा म्हणायचा काय?" ते सात खटले बेकायदा जमाव व बंदीहुकूम मोडल्याचे, म्हणजे सीमाभागात भाषेच्या आंदोलनात उतरणाऱ्या कोणाही माणसाच्या नावावर सहज जमतात तसे होते. एक होता तो फसवणुकीचा होता. आमच्या मंडळीतील माणसे दोन्ही बाजूंना होती. आम्ही त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराच्या शोधातून झाला आहे, आणि तो शोध आम्हांला आमच्याच राज्यातील एका जुन्या पोटनिवडणुकीपर्यंत घेऊन गेला.

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना १९७८ चा नोव्हेंबर आठवत असेल. त्यापूर्वी वीस महिन्यांवर, मार्च १९७७ मध्ये, रायबरेलीच्या मतदारांनी इंदिरा गांधींचा पंचावन्न हजारांवर मतांनी पराभव केला होता. आणीबाणीचा तो जाब होता. परंतु त्याच निवडणुकीत कर्नाटकाने अठ्ठावीसपैकी सव्वीस जागा काँग्रेसला दिल्या, आणि शेजारच्या महाराष्ट्रात त्या पक्षाच्या पदरात अठ्ठेचाळीसपैकी वीसच पडल्या. एकाच राजवटीचा दोन राज्यांना आलेला अनुभव किती निराळा होता, हे त्यावरून दिसते. सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा उत्तरेत जसा फिरला तसा दक्षिणेत फिरला नाही. उलट देवराज अर्स यांच्या सरकारने १९७४ च्या सुधारित कायद्याने कुळांना जमिनीची मालकी मिळवून देण्याचे काम चालविले होते. ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या शेतात खंड भरला, त्याच्या नावाने सातबारासारखा कागद निघाला, की आणीबाणीचे वर्ष त्याला कोणत्या रंगाचे दिसेल हे सांगायला नको.

म्हणून डी. बी. चंद्रेगौडा यांनी चिकमगळूरची लोकसभेची जागा मोकळी केली व इंदिराबाई तेथून उभ्या राहिल्या, त्या वेळी निवड अविचाराची नव्हती. कॉफीच्या मळ्यांचा हा डोंगराळ मुलूख. मळ्यांतील मजुरांत स्त्रियांची संख्या मोठी. जनता पक्षाने त्यांच्यासमोर वीरेंद्र पाटील यांना उभे केले. ते राज्याचे माजी मुख्यमंत्री, आणि त्यांच्या स्वच्छतेविषयी विरोधकही शंका घेत नसत. म्हणजे मतदारापुढे एका बाजूस निष्कलंक उमेदवार होता, आणि दुसऱ्या बाजूस जिच्या कारभारावर न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने त्याच वर्षाच्या मार्च, एप्रिल व ऑगस्टमध्ये तीन अहवाल दिले होते ती उमेदवार. एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे स्थानबद्ध वा अटक झाली होती, हे त्या अहवालांतून छापून आले होते. मतदाराला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नव्हती.

आणि हे सारे दिल्लीचे, आपल्याकडचे नव्हे, असेही म्हणता येत नव्हते. बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात स्नेहलता रेड्डी आठ महिने होत्या. 'संस्कार' या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री म्हणून त्यांचे नाव झाले होते. १९७६ च्या मे महिन्यात त्यांना बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संदर्भात पकडले. पुढे त्या खटल्याच्या आरोपपत्रात त्यांचे नावही आले नाही, तरी त्या 'मिसा'खाली आत राहिल्या. दम्याचा विकार असलेली ही बाई १९७७ च्या जानेवारीत मरणाच्या दारी असताना पॅरोलवर सुटली आणि पाचच दिवसांनी, २० जानेवारीस, वारली. त्याच बंगळुरात लॉरेन्स फर्नांडिस यांना, भावाचा ठावठिकाणा सांगावा म्हणून, पोलिसांनी अमानुष मारहाण केली. तो भाऊ म्हणजे जॉर्ज. मंगळूरचे, तरुणपणी धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत दाखल झालेले व ती सोडून मुंबईच्या कामगार चळवळीत शिरलेले.

जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव आले, तर येथे थोडे थांबले पाहिजे. 'डागाळलेला भूतकाळ' या शब्दांत दोन अगदी भिन्न गोष्टी कशा कोंबल्या जातात, याचे दुसरे टोक तेच आहेत. १९७७ मध्ये ते स्वतः बडोदा डायनामाइट खटल्यातील आरोपी होते. आरोप लहान नव्हता. सरकार उलथविण्यासाठी स्फोटके मिळविल्याचा होता. कैदेतूनच त्यांनी बिहारातील मुजफ्फरपूरची निवडणूक लढविली आणि साखळदंडातील छायाचित्राने त्यांचा प्रचार केला. तीन लाखांहून अधिक मताधिक्याने ते निवडून आले. नव्या सरकारने खटला काढून घेतला, आणि त्यामुळे न्यायालयात त्याचा शेवट कधी झालाच नाही. मुजफ्फरपूरच्या मतदाराने आरोप खोटा मानला, की खरा मानून क्षम्य मानला? आमच्या मते त्याने आरोपाकडे पाहिलेच नाही. आरोप कोणी ठेवला इकडे पाहिले. आज शहापुरात सात खटल्यांच्या उमेदवाराविषयी जे ऐकू येते, त्याची जात हीच.

आता मूळ प्रकरणाकडे. १९७८ च्या जानेवारीत इंदिराबाई शहा आयोगापुढे आल्या, पण शपथ घेऊन साक्ष देण्यास त्यांनी नकार दिला. त्यासाठी त्यांनी मांडलेले कायद्याचे मुद्दे पोकळ नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे. पण त्याच महिन्याच्या २४ तारखेस यवतमाळच्या जाहीर सभेत त्यांनी जे सांगितले, ते आपल्या मराठी मुलखात घडले असूनही आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. आणीबाणीत चुका झाल्या, अतिरेक झाले. ज्यांच्या हातून ते झाले त्यांनी ते कबूल केले नाहीत तरी त्यांची सारी जबाबदारी आपण घेतो, अशा आशयाचे ते भाषण होते.

पापकबुली ऐकण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्या आमच्या वाचकवर्गाने या दोन प्रसंगांचा क्रम लक्षात घ्यावा. जेथे प्रश्न विचारणारा होता, नोंद होत होती आणि एकेका कृत्याचे नाव घ्यावे लागले असते, तेथे मौन. आणि जेथे समोर सभा होती, तेथे कबुली. शिवाय एका महिन्यावर महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या विधानसभांचे मतदान होते. फेब्रुवारीतल्या त्या निवडणुकीत कर्नाटकात त्यांच्या नव्या पक्षाला २२४ पैकी १४९ जागा मिळाल्या. तरीही ती कबुली खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. अंतःकरण पाहणारा आपल्याहून वेगळा आहे. तथापि तुर्कमान गेटचे नाव तिच्यात नव्हते, स्नेहलता रेड्डींचे नव्हते, लॉरेन्सचे नव्हते. सगळ्यांची मिळून जबाबदारी घेतली की कोणा एकाचीही घ्यावी लागत नाही, ही सोय आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या स्वतःच्या प्रार्थनेवरून ठाऊक आहे.

याच्या शेजारी एक जुने उदाहरण ठेवावेसे वाटते. बेळगावपासून फार दूर नसलेल्या कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध मजकूर छापल्याबद्दल टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली व त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या पत्रांच्या आधारे त्यांनी लिहिले ती बनावट निघाली होती. तसे दिसून येताच त्यांनी नेमक्या त्या मजकुराबद्दल माफी मागितली, आणि तरीही शिक्षा भोगली. १८९५ मध्ये टिळक मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले, त्या वेळी मत देणारे मूठभर होते. पण हा जुना तुरुंगवास त्यांच्या आड आला नाही. डाग पुसला गेला होता, कारण तो कोणता हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते.

५ नोव्हेंबर १९७८ रोजी चिकमगळुरात मतदान झाले आणि इंदिरा गांधी ७७,३३३ मतांनी विजयी झाल्या. त्यानंतर देशभर त्या मतदाराला पुष्कळांनी अडाणी म्हटले. हे आम्हांला मान्य नाही. मळ्यातली मजूर बाई आणि नवे झालेले जमीनधारक कूळ यांनी आपल्या ताटात काय पडले ते पाहून मत दिले, आणि ताट पाहून मत देणे हे काही पाप नव्हे. आमची अडचण वेगळीच आहे. त्या निकालाचा अर्थ 'जनतेने क्षमा केली' असा लावला गेला. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर आघात झाला त्याचा. तुर्कमान गेटला ज्याचे घर पाडले गेले, ज्याची मर्जीविरुद्ध नसबंदी झाली, त्याच्या वतीने चिकमगळूरच्या मतदाराला क्षमा करता येत नव्हती, आणि बहुधा त्याने ती केलीही नव्हती. त्याने लोकसभेसाठी एक प्रतिनिधी निवडला, एवढेच. मतपेटीला पापविमोचनाचे आसन आपण बनविले, मतदाराने नव्हे.

जनता पक्षाच्या बहुमताचीही तीच चूक झाली, फक्त उलट दिशेने. १९ डिसेंबर १९७८ रोजी, पूर्वीच्या विशेषाधिकार भंगाबद्दल, लोकसभेने त्यांचे सदस्यत्व रद्द केले व अधिवेशन संपेपर्यंत तिहार तुरुंगात पाठविले. न्यायालयात धिमेपणाने करावयाचे काम हात वर करून उरकले गेले. १९८० मध्ये त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि ७ मे १९८१ रोजी नव्या लोकसभेने तो ठराव रद्द ठरविला. एका बहुमताने दोषी, दुसऱ्या बहुमताने निर्दोष. मधल्या काळात स्नेहलता रेड्डींच्या मृत्यूविषयी कोणी काहीही शाबीत केले नाही.

पुढची हकीगत तर विचित्रच. देवराज अर्स १९७९ मध्ये इंदिराबाईंपासून दुरावले. निष्कलंक म्हणून पराभूत झालेले वीरेंद्र पाटील त्यांच्याच पक्षात गेले आणि १९८९ मध्ये त्या पक्षाचे मुख्यमंत्री झाले. चिकमगळुरात ज्यांनी तत्त्व म्हणून पाटलांना मत दिले, त्यांना काय वाटले असेल, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत आम्हांला कोठे आढळला नाही.

शहापूरच्या त्या विणकराकडे आम्ही काही दिवसांनी पुन्हा गेलो. माग चालू होता, त्यामुळे मोठ्याने बोलावे लागले. आम्ही त्याला सांगितले, की आकडा मोजू नका. प्रत्येक खटला कोणाचे काय हिरावल्याचा आहे ते विचारा, ज्याचे हिरावले तो कोठे आहे ते विचारा, आणि उमेदवार दारात आला की त्याच गोष्टीचे नाव घेऊन त्याला विचारा. सात खटल्यांपैकी एखाद्यात कोणा गरीब कन्नड दुकानदाराची काच फुटली असेल, तर त्याच्याविषयीही विचारा. आंदोलन आपले म्हणून त्याची काच स्वस्त होत नाही. त्याने माग थांबविला. म्हणाला, "दुकानदार आमच्याच गल्लीतला आहे. त्याला अजून कोणी विचारलं नाही." आणि पायांत चपला घालून तो बाहेर पडला.