उत्क्रांती-अध्यापनाचा वाद (महाराष्ट्र)

जीवसृष्टी उत्क्रांत होत आली हे शाळेत शिकवावे की नाही, यावरचा वाद. अमेरिकेत तो कोर्टात रंगला. टेनेसी राज्यात १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. पुढे तांत्रिक मुद्द्यावर तो रद्द झाला. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांतीच्या जोडीला ‘निर्मितिवाद’, म्हणजे सृष्टी देवाने घडवली हे मत, शिकवायला लावणारा लुइझियानाचा कायदा मोडीत काढला.

महाराष्ट्रात ठिणगी पडली ती एका विधानाने.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा उत्क्रांतिवाद शास्त्रीयदृष्ट्या चूक ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेले नाही, तेव्हा अभ्यासक्रम बदला, असे त्यांचे म्हणणे. सिंह मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. प्रत्यक्षदर्शी नसताना मागे राहिलेल्या खुणांवरून छडा लावणे हे ज्या खात्याचे रोजचे काम, तिथल्या माणसाने हा आक्षेप घ्यावा ही गंमतच. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून तो खोडला. खात्याचे मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनीही सहकाऱ्याला अशी विधाने टाळायला सांगितले.

त्याच वर्षी राज्य मंडळाची पुस्तके काढणाऱ्या बालभारतीचे दहावीचे नवे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ आले. त्यातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. सिंहांनी नजरेआड केलेल्या खुणा त्यात ओळीने मांडलेल्या आहेत: जीवाश्म, जोडणारे दुवे आणि अवशेषांगे, म्हणजे आंत्रपुच्छ, अक्कलदाढा, माकडहाड. यातले माकडहाड नेमके कुठे असते, हे जिन्यावरून घसरलेल्याला धडा न वाचताही कळते.

सीबीएसईच्या शाळांत चालणारी पुस्तके काढणारी केंद्रीय परिषद, एनसीईआरटी, मात्र उलट दिशेने गेली. करोनाकाळात अभ्यासाचा भार हलका करताना दहावीच्या धड्यातली उत्क्रांती वगळली गेली आणि २०२३-२४ च्या पुस्तकात धड्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी या विज्ञानप्रसारक संस्थेच्या निषेधपत्रावर १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात हे प्रकरण आहेच, हा परिषदेच्या बाजूचा युक्तिवाद. पण बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण?

पुण्याच्या धायरीत एकाच सोसायटीतली मुले राज्य मंडळाच्या आणि सीबीएसईच्या शाळांत जातात. या पुस्तकांनुसार राज्य मंडळाच्या मुलाला दहावीच्या पेपरासाठी लॅमार्क-डार्विनचे उत्क्रांतीचे सिद्धांत घोकावे लागतात. सीबीएसईच्या मुलाने अकरावीला कॉमर्स घेतले, की डार्विनचा धडा त्याच्या वाट्याला येतच नाही.