रुमालाखालचा भाव

जनावरांच्या बाजारातली जुनी रीत अशी: विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती बघ्यांचं कोंडाळं असतं, पण आकडा कुणाला कळत नाही. पटलं नाही की हात सुटतो; दलाल दोघांना पुन्हा ओढून आणतो. माणसं मात्र उघड्यावर. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार खोंड बघायला आलेला कुठल्या गावचा, कुणाचा पाव्हणा, मागे कुणाचे पैसे थकवले, हे कुणा ना कुणाला ठाऊक असतंच.

मोबाईलवरच्या बाजारानं हे उलटं केलं. भाव चव्हाट्यावर आला, दलाल गेला, समोरच्याची हमी घ्यायला कुणी उरलं नाही. ती उणीव आपण स्वतःची माहिती देऊन भरून काढतो. खासगीपणाच्या अभ्यासातला हा कोपरा मला म्हणूनच फार आवडतो. इथं पाळत ठेवणारं सरकार नाही. जुनी मोटारसायकल विकणारा एक आणि घेऊ पाहणारा दुसरा, एवढाच संसार.

एक जाहिरात जवळून पाहा. फोटोत एमएच ११ पासूनचा अख्खा नंबर, मागे दारावरची आडनावाची पाटी, खाली मोबाईल नंबर. त्यावर यूपीआय असेल तर पैसे पाठवायला जाताच बँकेतलं नाव दिसतं. मग ‘आरसी बुकाचा फोटो टाका’, त्यावर पत्ता. ‘रविवारी या, एरवी घरी कुणी नसतं,’ हे तर आपणच लिहून मोकळे होतो.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. गाडीचे दोष एकट्या विकणाऱ्यालाच ठाऊक असले की चांगला माल बाजारातून हटतो, हे त्यांनी दाखवलं. माहिती हवी ती मालाची. आपण इंजिनाबद्दल गप्प बसतो आणि आधार कार्ड पाठवतो!

कायदा इथवर येताना धापा टाकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण व्यक्तीनं खासगी वा घरगुती कामासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे. कऱ्हाडच्या गिऱ्हाइकानं मिरजेच्या बाईंचा नंबर मित्रांच्या ग्रुपवर टाकला, तर तो घरगुती वापर म्हणायचा का? नव्या अभ्यासकानं खुशाल इथून सुरुवात करावी.

आणि ‘मी फौजेत आहे, बदली झालीय’ म्हणणारा गिऱ्हाईक. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तरी तो क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला लावतो. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं; अशा मुलखात वर्दीवर अविश्वास दाखवणं जिवावर येतं. त्यानं पाठवलेलं ओळखपत्र खरंही असू शकतं, फक्त त्याचं नव्हे. कुणीतरी ते पूर्वीच्या सौद्यात विश्वासानं पाठवलेलं. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण अशा ओळखपत्रांच्या प्रवासाचं आहे.