डॉल्बीच्या दणक्यामागचे गणित
सातारा-सांगलीच्या मिरवणुकांत हलगी-कैताळाला मागे सारून डॉल्बी आली, ती निव्वळ हौसेपायी असे म्हणणे अपुरे आहे. ॲम्प्लिफायरचे दोन चॅनेल ब्रिज केले, एकाला उलटा सिग्नल देऊन स्पीकर दोन्हींच्या पॉझिटिव्हला जोडला, की व्होल्टेज दुप्पट, वॉटेज कागदावर चौपट. नवे यंत्र न घेता बेस वाढतो. गणेश मंडळांच्या चढाओढीला आणखी काय हवे? अर्थात ४ ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनेलला २ ओहमचा भासतो, म्हणून यंत्र तापते, कधी जळतेही. ढोलताशाही कानठळ्या बसवतोच, हा आक्षेप खरा. पण वादकाचे हात थकतात, जनरेटर थकत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली होती. तरीही २०१४ मध्ये साताऱ्याच्या विसर्जन मिरवणुकीत भिंत कोसळून माणसे दगावली आणि ठपका डॉल्बीवर आला.