राणीचा वारस आणि हरवलेली वसाहत

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ अविवाहित राहिली. तिच्यानंतर गादीवर कोण, हा प्रश्न उघडपणे काढणे धोक्याचे होते. या कुमारी राणीच्या सन्मानार्थ अमेरिकेच्या किनाऱ्याचे नाव पडले व्हर्जिनिया.

तिथे वसाहत करण्याची सनद १५८४ साली राणीने आपल्या मर्जीतल्या वॉल्टर रॅलेला दिली. सनद राणीची, पैशांची जुळवाजुळव मात्र मुख्यतः रॅलेची! पहिली तुकडी वर्षभरातच परतली. मग १५८७ साली जॉन व्हाइटबरोबर बायका-मुलांसह सुमारे ११५ माणसे रोअनोक बेटावर उतरली. १८ ऑगस्टला व्हाइटच्या लेकीला मुलगी झाली. अमेरिकेत जन्मलेले हे पहिले इंग्रज मूल. नाव ठेवले व्हर्जिनिया. नात नऊ दिवसांची असताना आजोबा रसद आणायला इंग्लंडला निघाले.

पण १५८८ साली स्पेनचे आरमार चालून आले आणि जहाजे युद्धासाठी अडकली. व्हाइट परत पोहोचले ते १५९० च्या ऑगस्टमध्ये. घरे मोडलेली, माणूस एकही नाही. खांबावर फक्त एक शब्द कोरलेला: ‘क्रोएटोअन’. हे जवळच्याच एका बेटाचे नाव. संकट आले तर क्रूस कोरायचा असे ठरले होते, तो कुठेच नव्हता. आशेला जागा होती; पण वादळी हवेने जहाजाला त्या बेटाकडे जाऊ दिले नाही. आजोबांना नात पुन्हा दिसली नाही. त्या माणसांचे पुढे काय झाले, याचा निर्विवाद पुरावा आजही नाही.

१६०३ साली राणी गेली. स्कॉटलंडचा जेम्स रक्तपाताविना गादीवर आला. रॅलेवर राजद्रोहाचा आरोप येऊन तो कैदेत पडला; १६१८ साली त्याचा शिरच्छेद झाला. जेम्सने १६०४ साली स्पेनशी तह केला आणि १६०६ साली व्हर्जिनियाची सनद एका माणसाऐवजी कंपनीला दिली. १६०७ साली जेम्सटाऊन वसले. तिथेही उपासमारीने माणसे पटापट मेली, तरी वसाहत टिकली, कारण मागून जहाजे येत राहिली.

मंडळी, मला यातले मर्म इथे वाटते. मर्जीतला माणूस राजाबरोबर बुडतो. भागीदारांची कंपनी राजा बदलला तरी चालू राहते. याच राणीने ३१ डिसेंबर १६०० रोजी आणखी एका कंपनीला सनद दिली होती. तिची वखार १६१३ साली सुरतेत उघडली. पुढचे आपण जाणताच.

मला मात्र राहून राहून आठवते ती व्हर्जिनिया. राणीच्या गादीला वारस मिळाला. त्या पोरीची वाट पाहणाऱ्या आजोबांना साधा निरोपही मिळाला नाही.