लाटसाहेब आणि भाकरीचा राखणदार

अमरावतीच्या राजापेठेत एखादा तरणा गडी इस्त्रीचे कपडे घालून ऐटीत निघाला, की ओळखीचा माणूस त्याला हटकतो, "काय लाटसाब, कुठी चालले?" ही लाट पाण्याची नव्हे. इंग्रजांच्या 'लॉर्ड' या पदवीचे आपल्या लोकांच्या जिभेवर झालेले हे रूप. मुलूख सांभाळणारा तो मुलकी लाट, फौजेचा सेनापती तो जंगी लाट.

पण खुद्द 'लॉर्ड' हा शब्द आला कोठून? इंग्रजी ही जर्मनच्या कुळातली भाषा. हजार वर्षांपूर्वी इंग्रज पावाला 'ह्लाफ' म्हणत. आजचा 'लोफ' तो हाच. 'वेअर्ड' म्हणजे राखणदार. घरच्या भाकरीचा राखणदार तो 'ह्लाफवेअर्ड'. झिजत झिजत त्याचे 'ह्लाफोर्ड' झाले आणि पुढे 'लॉर्ड'. 'लेडी' म्हणजे मुळात कणीक मळणारी! आणि पदरचा चाकर तो 'ह्लाफएटा', म्हणजे भाकर खाणारा. आपणही म्हणतोच ना, की ज्याचे मीठ खाल्ले त्याला जागावे? तेव्हा या नावात मूळची ऐट नव्हती. दहा तोंडांना घास घालण्याची जोखीम होती.

आता हा अर्थ मनात धरून वऱ्हाडचा इतिहास पाहा. निझामाकडे फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ साली लॉर्ड डलहौसीने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती घेतला. १८७० साली लॉर्ड मेयोने खामगावची रेल्वे सुरू केली. वऱ्हाडचा कापूस झपाट्याने मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला. १८९९ साली पावसाने दगा दिला. ज्वारी गेली, कापूस गेला, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. त्या वेळी कलकत्त्याला मोठे लाट होते लॉर्ड कर्झन. त्यांनीच १९०२ साली वऱ्हाड निझामाकडून सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले.

नाव भाकरीच्या राखणदाराचे, आणि रयतेच्या टोपलीत भाकर नाही! शब्दाचे मूळ आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक नव्हते. पण साहेबाची ऐट त्यांनी पाहिली होती, आणि तेवढीच त्यांनी शब्दात ठेवली.

म्हणून गुरुजींना एक विनंती. वर्गात पोरगा 'लाटसाब' म्हणाला, तर अशुद्ध म्हणून खोडू नका. फळ्यावर लिहा आणि त्यातून वऱ्हाडचा इतिहास सांगा. आणि पोरांना हेही विचारा, की जुन्या अर्थाने खरा लॉर्ड कोण? हिवाळ्याच्या रात्री जागलीला मळ्यावर बसतो, तो त्यांचा बापच ना!