नाताळ

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकड्यासारख्या, १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या गावात, जेथे दफ्तर, तहसील, वसुली ही फारसी वळणाची शब्दसंपत्ती पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, तेथेही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत २५ डिसेंबरच्या तांबड्या आकड्याखाली ‘बडा दिन’ नव्हे, तर ‘नाताळ’ हाच शब्द वाचावयास मिळतो, याची मला नेहमी मौज वाटत आली आहे. कारण हा शब्द दिल्ली-हैदराबादच्या वाटेने नव्हे, समुद्रमार्गाने आला: पोर्तुगीज ‘नाताल’, त्यामागे लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मासंबंधीचा. पाव, चावी, घमेले यांच्याच गलबतातून तो किनाऱ्यास लागला आणि मराठी जिभेने त्याच्या ‘ल’चा ‘ळ’ करून आपली जकात वसूल केली! १४९७ च्या नाताळात आफ्रिकेचा जो किनारा वास्को द गामाच्या दृष्टीस पडला, त्यालाही हेच नाव मिळाले. परंतु खरा विस्मय मुळाशी आहे: लॅटिन ‘नातुस’चे प्राचीन रूप ‘ग्नातुस’, आणि त्याचा धातू आपल्या ‘जन्’चा सहोदर, तेव्हा जन्माष्टमीतला ‘जन्म’ आणि हा नाताळ व्युत्पत्तीच्या वंशावळीत चुलतभाऊच लागतात.